कोंबडीची प्रजननसंस्था, तिचे मज्जातंतू आणि पिकाचे कीटकनाशक

परसातल्या कोंबड्यांना उवा झाल्या की पिकासाठी आणून ठेवलेली कीटकनाशकाची बाटली उघडायची, झाकणभर औषध बादलीतल्या पाण्यात मिसळायचे आणि एकेक पक्षी त्यात बुडवून काढायचा, ही पद्धत ग्रामीण महाराष्ट्राला अपरिचित नाही. दुसऱ्या दिवशी उवा मेलेल्या दिसतात आणि औषध लागू पडले, असे सर्वांना वाटते. पुढच्या आठवड्यात अंडी कमी झाली, एखादे अंडे मऊ कवचाचे निघाले किंवा एखादी तलंग मान टाकून बसली, तर त्याचे खापर हवेवर, खाद्यावर किंवा मानमोडीवर फुटते. बाटलीकडे कोणाचे लक्ष जात नाही.

हे लक्ष जावे, असे या लेखाचे म्हणणे आहे. कोंबडीच्या अंगावर कोणते औषध मारावे, हा प्रश्न आजवर केवळ किडीच्या बाजूने विचारला गेला. तो कोंबडीच्या बाजूनेही विचारला पाहिजे. अंडे तयार होणे आणि बाहेर पडणे ही क्रिया संप्रेरके आणि मज्जातंतू यांच्या सूक्ष्म ताळमेळावर चालते, आणि बहुतेक प्रचलित कीटकनाशके ही मज्जातंतूंवर काम करणारी विषे आहेत. या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्या की परसातील कुक्कुटपालनासाठी दिल्या जाणाऱ्या सल्ल्यात काय बदलले पाहिजे, ते स्पष्ट होते.

अंडे घालण्यामागची मज्जातंतूंची यंत्रणा

कोंबडीच्या शरीरात सामान्यतः डाव्या बाजूचाच बीजांडकोश आणि डावीच अंडनलिका पूर्ण विकसित होते. उजवी बाजू भ्रूणावस्थेतच मागे पडते. बीजांडकोशावर लहानमोठ्या आकाराचे बलक घोसासारखे लटकलेले असतात. प्रत्येक बलकाच्या पिशवीला एक देठ असतो आणि त्या देठातून रक्तवाहिन्यांबरोबर मज्जातंतूही आत जातात. ब्रिटिश शास्त्रज्ञ ए. बी. गिल्बर्ट यांनी १९६० च्या दशकात या पिशवीतील मज्जातंतूंचे जाळे सविस्तर दाखवले. त्यापूर्वी १९६३ मध्ये गिल्बर्ट आणि लेक यांनी अंडनलिकेच्या शेवटच्या भागातील मज्जातंतूंची टोके अभ्यासली होती.

बलक सुटल्यानंतर त्याचा अंडनलिकेतला प्रवास साधारण चोवीस ते सव्वीस तासांचा असतो. नरसाळ्यासारख्या तोंडात तो जेमतेम पाव ते अर्धा तास राहतो. पुढे सुमारे तीन तास त्यावर पांढरा बलक चढतो, नंतर तासाभरात पातळ पापुद्रे तयार होतात, आणि उरलेला जवळजवळ सगळा वेळ, म्हणजे अठरा ते वीस तास, अंडे कवचग्रंथीत राहते. कवचग्रंथी आणि योनी यांच्या सांध्यावर स्नायूंचे बळकट वळे असते. या सांध्यापाशी मज्जातंतूंची दाटी नलिकेच्या वरच्या भागापेक्षा पुष्कळ अधिक आहे. कमरेच्या आणि शेपटीकडील कण्यातून निघणारे अनुकंपी आणि परानुकंपी असे दोन्ही प्रकारचे तंतू येथे येऊन मिळतात. एक प्रकारचा तंतू आवळतो आणि दुसरा सैल करतो, अशी सरळ विभागणी येथे लागू पडत नाही. कोणत्या भागातील स्नायूवर कोणते ग्राही आहेत, यावर परिणाम ठरतो. पण निकाल एकच असतो: अंडे धरून ठेवायचे की सोडायचे, हे येथे ठरते.

अंडे सोडण्याची मुख्य आज्ञा मेंदूतून येते. मेंदूच्या तळाशी असलेल्या चेतापेशी व्हॅसोटोसिन नावाचे संप्रेरक तयार करतात आणि त्याच पेशींची टोके ते पियूष ग्रंथीच्या मागील भागातून रक्तात सोडतात. कवचग्रंथी आकुंचन पावते, योनीकडचा भाग सैल होतो आणि अंडे पुढे सरकते. अंडे योनीत आले की तेथील मज्जातंतूंचा संदेश कण्याकडे जातो आणि कोंबडी पोट आवळून जोर करते. हा प्रतिक्षेप आहे. तिच्या इच्छेचा त्यात भाग नाही. गुदद्वाराभोवतीचा ऐच्छिक प्रकारचा स्नायूही याच वेळी मज्जातंतूंच्या आज्ञेने मोकळा होतो.

बलक सुटल्यावर मागे राहिलेल्या रिकाम्या पिशवीचेही या वेळापत्रकात काम असते. ती काढून टाकली तर अंडे बाहेर येण्याची वेळ लांबते, हे रॉथचाइल्ड आणि फ्रॅप्स यांनी १९४४ मध्ये दाखवले. ही पिशवी नसेल तर कोंबडी घरट्याचा शोधही नीट घेत नाही, असे पुढच्या प्रयोगांत आढळले. म्हणजे बीजांडकोश, अंडनलिका, मेंदू आणि वागणूक यांची साखळी आहे. एक कडी हलली की बाकीच्या हलतात.

भय या साखळीत कसे शिरते, हे प्रत्येक अनुभवी कोंबडीपालकाला ठाऊक असते. कुत्रा खुराड्यात शिरला किंवा पक्षी पकडापकडीत घाबरले की काहींची अंडी त्या दिवशी उशिरा येतात. ॲड्रेनॅलिनमुळे कवचग्रंथीचा स्नायू शिथिल राहतो आणि अंडे आतच थांबते. थांबलेल्या अंड्यावर कॅल्शियमचा जादा थर चढतो आणि कवच भुकटी लावल्यासारखे पांढुरके दिसते. याच्या उलट, प्रयोगशाळेत ॲसिटिलकोलीन दिल्यावर अंडे वेळेआधी बाहेर पडल्याची नोंद १९५० च्या दशकापासून आहे. हे ॲसिटिलकोलीन पुढच्या चर्चेत पुन्हा येणार आहे.

नराच्या बाबतीत पुरावा अधिक स्पष्ट

कोंबड्याची वृषणे पोटात, मूत्रपिंडाजवळ असतात. त्याला सस्तन प्राण्यांसारखे बाह्य जननेंद्रिय नसते. समागमाच्या वेळी अवस्करातील लहानशा उंचवट्यात लसीका भरते, तो बाहेर येतो आणि क्षणभराच्या स्पर्शात वीर्य मादीकडे जाते. ही सारी क्रिया मज्जातंतूंच्या प्रतिक्षेपावर चालते. अमेरिकेतील बरोज आणि क्विन यांनी १९३० च्या दशकात याच प्रतिक्षेपाचा उपयोग केला. कोंबड्याच्या पाठीवरून पंखांमागून शेपटीकडे हात फिरवला, पोटाच्या मागील भागाला हलका दाब दिला की वीर्य मिळते. आजही जगभरच्या पैदास केंद्रांवर कृत्रिम रेतनासाठी हीच मर्दन पद्धत वापरली जाते. हाताचा स्पर्श कण्यातल्या केंद्रापर्यंत पोहोचतो आणि तेथून आज्ञा परत येते, एवढेच त्याचे रहस्य.

मादीकडे याचा पुढचा अंक घडतो. कवचग्रंथी आणि योनी यांच्या त्याच सांध्यावर सूक्ष्म नळ्या असतात आणि त्यांत शुक्राणू दहा-पंधरा दिवस, कधी त्याहून अधिक काळ जिवंत राहतात. म्हणूनच कोंबडा दूर केल्यावरही काही दिवस फलित अंडी मिळतात. शुक्राणूंची कोठी आणि अंडे सोडणारे वळे ज्या ठिकाणी आहे, तेथेच मज्जातंतूंची सर्वांत जास्त गर्दी आहे.

परोपजीवींची आवडती जागा

आता कीटकशास्त्राकडे वळू. कोंबडीच्या शरीरावरील उवांमध्ये मेनाकँथस स्ट्रामिनियस ही उपद्रवी जात गुदद्वाराच्या आजूबाजूला, मऊ आणि विरळ पिसांच्या भागात राहते. तिची अंडी पिसांच्या बुडाशी पांढऱ्या गोळ्यांसारखी चिकटलेली दिसतात. ऑर्निथोनिसस वंशातील कोळी, म्हणजे माइट, हेही गुदद्वाराभोवतीच जमतात आणि तेथील पिसे काळपट, चिकट दिसू लागतात. या भागाची त्वचा पातळ, उबदार आणि रक्ताने समृद्ध असते, हे त्यामागचे साधे कारण आहे.

त्यामुळे व्यवहारात एक विचित्र योग जुळून येतो. कीड जेथे बसते तेथे औषध लावले जाते आणि औषध लावले जाते ती जागा अंडनलिकेच्या शेवटच्या टोकाची असते. तेथील त्वचा उवांच्या चाव्यांनी आधीच सोललेली असते. पिसे कमी असल्याने औषध थेट त्वचेवर पोहोचते. द्रावणात बुडवलेली कोंबडी नंतर चोचीने पिसे साफ करते, तेव्हा तेच औषध तिच्या पोटातही जाते. श्वासावाटे काही भाग जातो तो वेगळाच. पिकावर फवारणी करताना पानावरून निथळणारे औषध वाया जाते; येथे ते वाया जात नाही, पक्ष्यात जाते.

विषाला कीड आणि पक्षी यांतला फरक किती कळतो?

कीटकनाशकांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातील पहिले सहा क्रमांक पाहिले तर सर्व गट मज्जातंतू किंवा स्नायूंवर काम करणारे आहेत. ऑरगॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट हे पहिल्या गटातले. मज्जातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन सुटते, संदेश पोहोचतो आणि कोलीनएस्टरेज नावाचे विकर लगेच त्याचे विघटन करते. हे विकर बंद पडले की संदेश थांबतच नाही. कीटक थरथरतो, लुळा पडतो आणि मरतो. हीच यंत्रणा कोंबडीत आहे. हृदय, आतडे, श्वासनलिका, अंडनलिकेचा स्नायू आणि गुदद्वाराचा आवळणारा स्नायू, या सर्व ठिकाणी ॲसिटिलकोलीन संदेश पोहोचवते. विषबाधा झालेल्या पक्ष्याच्या तोंडातून लाळ गळते, पातळ विष्ठा होते, पंख गळतात, अंग थरथरते आणि श्वास कठीण होतो. ही लक्षणे दिसताच पशुवैद्यकाला बोलावणे आणि कोणते औषध वापरले ते बाटलीसह दाखवणे, एवढेच करायचे असते.

सर्व गट सारखेच धोकादायक आहेत, असे म्हणणे चुकीचे ठरेल. पायरेथ्रॉइड गटातील औषधे पक्ष्यांना तुलनेने कमी विषारी आहेत. निओनिकोटिनॉइड गट कीटकांच्या ग्राहींना अधिक घट्ट चिकटतो. तरीही प्रक्रिया केलेले बियाणे दाणे म्हणून खाणाऱ्या पक्ष्याच्या पोटात मोठी मात्रा एकदम जाते. ऑरगॅनोफॉस्फेटच्या बाबतीत मात्र पक्षी सस्तन प्राण्यांपेक्षा दुबळे आहेत. या विषांचे रक्तात विघटन करणारी विकरे पक्ष्यांत फारच कमी असतात. अर्जेंटिनात १९९५-९६ च्या हंगामात नाकतोड्यांसाठी वापरलेल्या मोनोक्रोटोफॉसमुळे स्वेन्सन्स हॉक जातीचे हजारो शिकारी पक्षी मेले. हे पक्षी औषधात कोणी बुडवले नव्हते. ते शेतात नाकतोडे खात होते.

कोंबडीच्या बाबतीत एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. ऑरगॅनोफॉस्फेटमुळे काही आठवड्यांनी येणारा पायांचा लुळेपणा तपासण्यासाठी जगभर प्रौढ कोंबडी हाच प्रमाणित प्रयोगप्राणी मानला जातो. १९३० मध्ये अमेरिकेत भेसळयुक्त आल्याच्या अर्कामुळे हजारो माणसांना असा लुळेपणा आला, तेव्हा तोच आजार कोंबडीत निर्माण करता येतो, हे दिसून आले. ज्या पक्ष्याचे मज्जातंतू या विषांना इतके संवेदनशील आहेत की शास्त्रज्ञ त्याची परीक्षक म्हणून निवड करतात, त्याच पक्ष्याला परसात बादलीत बुडवले जाते. याहून मोठा विरोधाभास शोधावा लागणार नाही.

पक्षी मरत नसेल तर काय, असा प्रश्न येथे स्वाभाविक आहे. बॉबव्हाइट या लाव्यासारख्या पक्ष्यावर १९८२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खाद्यातून पॅराथिऑन दिल्यावर पक्ष्यांचे खाणे कमी झाले, अंडी घटली आणि बीजांडकोशाला चालना देणाऱ्या संप्रेरकाचे रक्तातील प्रमाणही उतरले. म्हणजे न मारणारी मात्राही मेंदूपासून अंडनलिकेपर्यंतच्या साखळीला हात घालू शकते. अंडी घटण्याची कारणे अनेक असतात. पिसे झडणे, दिवस लहान होणे, खुडूक बसणे, कॅल्शियमची कमतरता, मानमोडी ही सर्व कारणे आधी तपासलीच पाहिजेत. मात्र त्या यादीत ‘गेल्या दोन आठवड्यांत पक्ष्यांवर, खुराड्यात किंवा जवळच्या शेतात कोणते औषध वापरले’ हा प्रश्न असलाच पाहिजे. आज तो बहुतेक वेळा विचारला जात नाही.

घरगुती म्हणजे निर्धोक नव्हे

रासायनिक औषधाला पर्याय म्हणून तंबाखूचा काढा सुचवला जातो. हा सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण निकोटिन हे स्वतःच मज्जातंतूंचे तीव्र विष आहे. ते ॲसिटिलकोलीनच्याच ग्राहींवर बसते आणि त्वचेतून शरीरात शिरते. काढ्याची मात्रा मोजता येत नाही, म्हणून तो बाटलीतल्या औषधापेक्षा अधिक बेभरवशाचा ठरतो. सीताफळाच्या बियांची पूड उवांवर चालते हे खरे, पण ती डोळ्यांना गंभीर इजा करते. वनस्पतीपासून मिळाले म्हणून सुरक्षित, हा समज विस्तार कार्यकर्त्यांनी आपल्या व्याख्यानांतून आधी दूर करावा.

अंड्यातून ताटात

कोंबडीच्या शरीरात शिरलेले औषध तिच्याच शरीरात थांबत नाही. बलक सुटण्यापूर्वीच्या आठ-दहा दिवसांत वेगाने भरतो आणि त्यात यकृताकडून चरबी येत राहते. चरबीत विरघळणारे औषध त्याबरोबर बलकात जाते. आज औषध लावले आणि उद्या अंडे स्वच्छ निघेल, असे होत नाही. आज अर्धवट भरलेले सगळे बलक पुढच्या कित्येक दिवसांत अंडी होऊन बाहेर पडणार असतात.

युरोपात २०१७ मध्ये याचा धडा मिळाला. नेदरलँड्स आणि बेल्जियममधील कोंबड्यांच्या शेडमध्ये लाल माइट मारण्यासाठी वापरलेल्या द्रव्यात फिप्रोनिल मिसळलेले निघाले. अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांवर त्याचा वापर तेथे निषिद्ध होता. अनेक देशांत लक्षावधी अंडी बाजारातून परत घ्यावी लागली. तेथे तपासणी होती, म्हणून प्रकार उघडकीस आला. परसातल्या गावरान अंड्याची अशी तपासणी होत नाही. ते लहान मुलाला, बाळंतिणीला किंवा आजाऱ्याला ‘ताकद येते’ म्हणून दिले जाते. बाजारात त्याला मिळणारा अधिकचा भावही ते ‘औषधमुक्त’ आहे, या विश्वासावरच मिळतो. हा विश्वास गमावणे कोणालाच परवडणारे नाही.

मग उवांचे करायचे काय?

उवा आणि माइट राहू द्याव्यात, असे कोणी म्हणणार नाही. जास्त प्रादुर्भाव झालेली कोंबडी अस्वस्थ होते, वजन घटते आणि अंडी कमी होतात. प्रश्न नियंत्रण करावे की नाही हा नाही. ते किडीच्या सवयी ओळखून करावे, हा आहे. कीटकशास्त्राचा उपयोग येथेच आहे.

गोचीड आणि लाल माइट यांचा मुक्काम पक्ष्यावर नसतो. आर्गस परसिकस ही कोंबडीची गोचीड दिवसा भिंतीच्या भेगांत, लाकडाच्या सांध्यांत दडते आणि रात्री रक्त पिऊन परत जाते. लाल माइटचेही तसेच. अशा वेळी कोंबडीला बुडवून काही साधत नाही. खुराड्यातील भेगा मातीने आणि चुन्याने बुजवणे, बसण्याचे दांडे काढून उन्हात टाकणे, त्यांवर उकळते पाणी ओतणे आणि भिंतीपासून दांड्यांचे अंतर ठेवणे, हे काम करते. रात्री विजेरी घेऊन दांड्याच्या खालच्या बाजूची पाहणी केली तर शत्रू लगेच दिसतो. औषधाची गरज भासलीच तर ते पक्षी बाहेर असताना, रिकाम्या खुराड्यात, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने आणि पूर्ण वाळू देऊन वापरावे.

उवांचे संपूर्ण जीवनचक्र पक्ष्याच्या अंगावरच साधारण तीन आठवड्यांत पूर्ण होते. यजमानापासून दूर त्या फार दिवस जगत नाहीत. त्यामुळे नवीन आणलेला पक्षी दोन-तीन आठवडे वेगळा ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. कोंबडीची चोच हे उवांविरुद्धचे तिचे स्वतःचे हत्यार आहे. चोच न कापलेल्या पक्ष्यांवर उवा आणि माइट खूप कमी आढळतात, हे प्रयोगांनी दाखवले आहे. गावरान पक्ष्याला हा फायदा जन्मतःच असतो. राख, बारीक माती आणि वाळू यांचा कोरडा खड्डा उपलब्ध असेल तर कोंबडी त्यात रोज अंग घोळते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील कीटकशास्त्रज्ञांनी धूळस्नानाच्या पेट्यांत वेगवेगळ्या पुडी मिसळून पाहिल्या. त्यात गंधकाची पूड सर्वांत प्रभावी ठरली. चुन्याचा वापर खड्ड्यात मात्र टाळावा. त्याने त्वचा आणि डोळे भाजतात.

एवढे करूनही प्रादुर्भाव हटला नाही, तर कुक्कुटपक्ष्यांसाठीच परवाना असलेले औषध, लेबलवर दिलेल्या मात्रेत आणि सांगितलेल्या पद्धतीने वापरावे. लिखांवर बहुतेक औषधे चालत नाहीत, म्हणून लेबलप्रमाणे सात ते दहा दिवसांनी दुसरी मात्रा लागते. पहिल्याच वेळी दुप्पट कडक द्रावण केले म्हणून दुसरी मात्रा वाचत नाही. वाढतो तो फक्त धोका. लेबलवर अंडी वर्ज्य करण्याचा काळ दिला असेल, तर तेवढे दिवस अंडी खाऊ नयेत, विकू नयेत आणि उबवणीलाही ठेवू नयेत.

दोन विभागांच्या मध्ये उभी असलेली कोंबडी

हे सारे साधे असूनही गावापर्यंत का पोहोचत नाही? कारण कोंबडी दोन खात्यांच्या मधोमध उभी आहे. कीटकनाशकांची शिफारस कृषी विभाग आणि कृषी विद्यापीठे करतात. त्यांच्या तक्त्यांत पीक, कीड, औषध आणि मात्रा असे रकाने असतात. पशुसंवर्धन विभागाच्या पुस्तिकेत लसीकरण, जंतनाशन आणि खाद्य असते. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदलेले पिकाचे औषध पक्ष्याच्या अंगावर वापरण्याची मुभा त्या नोंदणीत नसते. पशूंवर वापरायचे औषध वेगळ्या कायद्याखाली येते. कागदावर सीमा स्पष्ट आहे. घरात मात्र दोन्ही बाटल्या एकाच फळीवर असतात, किंवा एकच असते.

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजुरांचे बळी गेले, तेव्हा हातमोजे, मुखपट्टी आणि वाऱ्याची दिशा यांवर राज्यभर बोलले गेले. ते आवश्यकच होते. पण त्या शेतांच्या बांधावर, गोठ्यात आणि अंगणात चरणाऱ्या पक्ष्यांचा उल्लेख त्या चर्चेत क्वचितच आला. परसातल्या कोंबड्या बहुधा घरातल्या बाईच्या असतात. अंड्यांचे चार पैसे तिच्या हातात राहतात आणि त्यातून वह्या-पुस्तके, तेल-मीठ येते. फवारणीचे प्रशिक्षण पुरुषाला मिळते आणि कोंबडीला औषध लावण्याचे काम बाई करते, तेही उघड्या हातांनी. सुरक्षिततेचा प्रश्न येथे पक्ष्यापुरता राहत नाही.

म्हणून चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, प्रत्येक पीक संरक्षण तक्त्यात ‘परसातील पक्ष्यांसाठी सूचना’ असा एक रकाना असावा: प्रक्रिया केलेले उरलेले बियाणे पक्ष्यांना टाकू नये, फवारणीच्या दिवशी पक्षी बंद ठेवावेत, पंप धुतलेले पाणी अंगणात ओतू नये. दुसरी, कुक्कुटपक्ष्यांच्या बाह्य परोपजीवींवरील शिफारसपत्रिका कीटकशास्त्रज्ञ आणि पशुवैद्यक यांनी मिळून लिहावी. एकाला किडीचे वर्तन माहीत आहे आणि दुसऱ्याला पक्ष्याचे शरीर. कृषी विज्ञान केंद्रांत हे दोन्ही विषयतज्ज्ञ अनेकदा एकाच इमारतीत बसतात, त्यामुळे नवीन पदाची गरज नाही. तिसरी, कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्यांसाठी जो पदविका अभ्यासक्रम चालतो त्यात ‘हे औषध कोंबडीला चालेल का?’ या प्रश्नाचे उत्तर शिकवले जावे. ते उत्तर एका शब्दाचे आहे: नाही. चौथी, महिला बचत गटांच्या कुक्कुटपालन प्रशिक्षणात एक तास अंडनलिकेच्या साध्या आकृतीला द्यावा.

हा शेवटचा आग्रह कोणाला पुस्तकी वाटेल. पण पिकाच्या बाबतीत हेच घडले. पानावर रंध्रे असतात, मुळांवर केसासारखे तंतू असतात, फुलात परागीभवन होते, हे शेतकऱ्याला समजल्यावर फुलोऱ्यात फवारणी करू नये हा सल्ला हुकूम वाटेनासा झाला. मधमाशी वाचवण्यामागचे कारण कळले, म्हणून ती अनेक शेतांत वाचली. कोंबडीच्या बाबतीतही कारण कळले पाहिजे. अंडे ही खाद्य घातले की आपोआप बाहेर पडणारी वस्तू नाही. कण्यातून निघणारे अत्यंत बारीक तंतू रोज ठरावीक वेळी आवळतात, सैल होतात, थांबतात आणि सोडतात, तेव्हा ते हातात येते. उवा मारण्यासाठी या तंतूंवर विष टाकण्याची गरज बहुतेक वेळा नसते. राखेचा खड्डा, बुजवलेली भेग आणि उन्हात टाकलेला दांडा पुरतो. जेथे तो पुरत नाही, तेथे पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा, आणि पिकाची बाटली पिकासाठीच ठेवावी.